टाचेतील वाढलेले हाड : दोष कुणाचा, उपाय कोणता?



पहाटे उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकावे आणि टाचेत बाभळीचा काटा रुतावा तशी कळ यावी. भिंतीच्या आधाराने दहा-वीस पावले लंगडत टाकली की ती ओसरावी, चूल पेटवून पाणी भरेपर्यंत बरे वाटावे, आणि दुपारी जेवून थोडे टेकून पुन्हा उठावे तर पुन्हा तोच काटा! चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या पुष्कळांना हा अनुभव ओळखीचा आहे, बायकांना तर विशेषच. काही दिवस दुखणे अंगावर काढले जाते. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून टाचेचा फोटो काढला जातो आणि डॉक्टर तो उजेडाकडे धरून म्हणतात, "टाचेचे हाड वाढले आहे."

या चार शब्दांनी जेवढी माणसे घाबरली आहेत, तेवढी त्या हाडाने खचितच घाबरवली नसती. हाड वाढले म्हणजे ते कापल्याशिवाय सुटका नाही, जितके चालू तितके ते अधिक वाढेल, असे माणूस मनाशी धरून बसतो. मग कुणी चालणेच सोडतो, कुणी महिनोन् महिने गोळ्या खातो, कुणी इंजेक्शनावर इंजेक्शन घेतो, तर कुणी बिब्ब्याने टाच भाजून घेतो. आमचे स्पष्ट मत असे आहे की, बहुतेकांच्या बाबतीत खरा दोषी ते हाड नसतेच. ज्याचा दोष नाही त्याला शिक्षा देण्यात आपण पैसा, वेळ आणि कधी कधी प्रकृतीही घालवून बसतो. खरा उपाय स्वस्त आहे. मात्र त्याला चिकाटी लागते आणि घरातील इतरांची साथ लागते. ही साथ आपल्याकडे फार कमी मिळते, म्हणून हे चार शब्द लिहावयाचे.

आमच्या थोरल्या वहिनींचीच गोष्ट सांगतो. खानापूर तालुक्यातले आमचे घर भातशेतीचे. पावसाळा लागला की दिवसभर चिखलात वाकून लावणी, बांधावरून अनवाणी येणे-जाणे, घरी आल्यावर गोठ्यातले शेणपाणी, आणि मग शहाबादी फरशीवर उभ्याने दहा माणसांचा स्वयंपाक. त्या वर्षी लावणीच्या शेवटी वहिनींची उजवी टाच धरली. फोटो निघाला, हाड वाढल्याचे निदान झाले. चार महिने त्यांनी दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या खाल्ल्या, तेव्हा पोटात आग पडू लागली. मग टाचेत इंजेक्शन झाले. तीन आठवडे बरे गेले आणि मग ये रे माझ्या मागल्या! दुसऱ्या इंजेक्शनाची तीच गत झाली. तिसरे घ्यायला निघाल्या त्या दिवशी नेहमीचे डॉक्टर परगावी गेले होते, म्हणून आम्ही त्यांना दुसऱ्या एका वयस्कर हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दोन्ही टाचांचे फोटो काढून आणायला सांगितले, आणि ते शेजारी शेजारी लावले. उजव्या टाचेखाली गुलाबाच्या काट्यासारखे टोक होते. डाव्या टाचेखालीही होते, आणि ते किंचित अधिकच लांब होते.

"दुखते ते उजवीकडे ना?" डॉक्टरांनी विचारले.

"होय की," वहिनी म्हणाल्या.

"मग डावीकडचा काटा गप्प का बसला आहे?"

वहिनी आमच्याकडे बघू लागल्या आणि आम्ही वहिनींकडे. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "म्हणजे काट्याचं काय न्हवंच की ओ हे?" डॉक्टर हसले. त्यांनी इंजेक्शनाची सुई काढलीच नाही. अर्धा तास खर्च करून त्यांनी जे समजावले आणि पुढे आम्ही जे वाचले, ते आपल्यापुढे ठेवतो.

टाचेचे हाड हे पावलातले सर्वांत मोठे हाड. त्याच्या खालच्या अंगाने एक जाड, चिवट, पांढरी पट्टी निघते आणि तळव्यातून पुढे पसरत पाचही बोटांच्या मुळाशी पोचते. डॉक्टर तिला प्लांटर फॅशिया म्हणतात, आपण तिला तळव्याची पट्टी म्हणू. धनुष्याची दोरी जशी धनुष्याला वाकवून धरते, तशी ही पट्टी पावलाची कमान धरून ठेवते. हिक्स नावाच्या संशोधकाने १९५४ मध्ये तिचे काम नीट उलगडून दाखवले. चालताना टाच उचलली आणि बोटे वर वळली, की ही पट्टी बोटांच्या मुळाभोवती ओढली जाते, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा तशी. त्यामुळे कमान उंचावते आणि पाऊल घट्ट होऊन अंगाचा भार पुढे ढकलते. दिवसभरात हजारो वेळा हे घडते. रहाटाचा दोर जसा एका ठरावीक जागी झिजतो, तशी ही पट्टीही झिजते, आणि ती जागा म्हणजे टाचेच्या हाडाला पट्टी चिकटते ती, तळव्याच्या आतल्या बाजूची. तिथे अंगठ्याने दाबले की रोगी दचकतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेले असते, पट्टी आखडून राहते. सकाळी पहिल्या पावलाला तिच्यावर एकदम भार पडतो, आणि म्हणून ती सकाळची कळ.

हे दुखणे म्हणजे तिथली सूज, असे पूर्वी समजत असत. पण टाचेची शस्त्रक्रिया झालेल्या ५० जणांच्या पट्टीचे तुकडे लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केले, की तेथे सुजेपेक्षा झीजच आढळते. झीज भरून यायला वेळ लागतो. गोळीने दुखणे काही वेळ कळत नाही, एवढेच.

मग हाडाच्या काट्याचे काय? क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला आणि पाचच वर्षांनी, १९०० मध्ये, प्लेटनर या जर्मन डॉक्टरांनी टाचेखालच्या या टोकाचे वर्णन केले. फोटोत हाड दिसते, पट्टी दिसत नाही. जे दिसले त्याच्यावर आळ आला, तो आजतागायत आहे. वास्तविक अमेरिकेतील हाडांच्या शल्यविशारदांची मोठी संस्था, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑर्थोपेडिक सर्जन्स, रोग्यांना सांगते की दर दहा माणसांत एकाच्या टाचेत असा काटा असतो, आणि काटा असलेल्या वीस जणांत एखाद्याचाच पाय दुखतो. शिवाय तो काटा खाली मांसात रुतलेला नसतो, बोटांच्या दिशेने आडवा असतो. टाच दुखणाऱ्यांत तो अधिक आढळतो हे खरे, पण त्याचे कारण दोघांचे मूळ एकच आहे. वर्षानुवर्षांच्या ताणाने आणि दाबाने हाड त्या जागी थोडे पुढे येते. खुरप्याच्या मुठीने हाताला घट्टे पडतात, ते आपण कापून काढतो काय? घट्टा म्हणजे त्या हाताने किती काम केले याची खूण. टाचेतला काटा ही तशीच खूण आहे.

आपल्या जुन्या वैद्यकाने या ठणक्याला वातकंटक म्हटले आहे. सुश्रुतसंहितेत त्याचे कारण पाऊल विषम पडणे हे दिले आहे. फोटोशिवाय त्यांनी काट्याची कळ ओळखली आणि तिचा दोष पाऊल कसे पडते याला दिला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हे दुखणे कुणाला होते? साधारणपणे चाळीस ते साठ या वयात, वजन वाढलेल्यांना, तासन् तास कठीण जमिनीवर उभे राहणाऱ्यांना, पोटऱ्या आखडलेल्यांना, तळवे फार सपाट किंवा कमान फार उंच असणाऱ्यांना, आणि सवय नसताना एकाएकी पुष्कळ चालणाऱ्यांना. आपल्या भोवतीच पाहा. पूर्वी घरात शेणाने सारवलेली जमीन असे, ती पायाखाली थोडी तरी दबत असे. आज शहाबादी, कोटा किंवा गुळगुळीत टाइल्सची फरशी आहे, आणि बसून करावयाचा स्वयंपाक ओट्यापाशी उभा राहिला आहे. फरशी पुसायला सोपी झाली ही चांगली गोष्ट, पण तिच्यावर अनवाणी आठ तास उभे राहणाऱ्या पावलाचा विचार घर बांधताना कुणी केला? ३ डिसेंबरच्या फेस्ताला आपल्या भागातून जुन्या गोव्यास पायी जाणाऱ्यांपैकी किती जण आधी महिनाभर चालण्याचा सराव करतात? डांबरी रस्त्यावर पातळ स्लीपरने एकदम चार-पाच दिवस चालले, की परत आल्यावर टाच बोलू लागते.

आता उपाय. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय अंथरुणातच करावयाचा आहे, पाऊल जमिनीला लावण्यापूर्वी. बसून दुखरा पाय दुसऱ्या पायाच्या मांडीवर घ्यावा. हाताने पाचही बोटे धरून नडगीच्या दिशेने मागे ओढावीत, तळव्याची पट्टी ताणलेली दोरी लागावी तशी दुसऱ्या हाताच्या बोटाला लागली पाहिजे. मनात दहा आकडे मोजेपर्यंत धरावे, सोडावे, पुन्हा धरावे, असे दहा वेळा. दिवसातून तीन वेळा करावे, आणि त्यांतली पहिली वेळ चुकवू नये. अमेरिकेत डिजिओव्हानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरेच महिने टाच दुखत असलेल्या १०१ रोग्यांवर हा व्यायाम पारखला आणि २००३ मध्ये निष्कर्ष दिला, की आठ आठवड्यांत नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा ही पट्टी ताणणाऱ्यांना अधिक आराम पडला. याला खर्च शून्य आहे.

दुसरा व्यायाम पोटरीचा. भिंतीला दोन्ही हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला घट्ट. पोटरीत ताण जाणवेपर्यंत पुढे झुकावे, अर्धा मिनिट थांबावे. तीन वेळा करावे.

तिसरा व्यायाम पट्टी बळकट करण्याचा. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून, बोटांखाली पंचाची गुंडाळी घालून, कठड्याला धरून टाच सावकाश उचलावी. तीन मोजेपर्यंत वर, दोन मोजेपर्यंत थांबणे, तीन मोजेपर्यंत खाली. एक दिवसाआड करावे, झेपेल तेवढेच, आणि हळूहळू वाढवावे. डेन्मार्कमध्ये राथलेफ यांनी ४८ रोग्यांवर हा व्यायाम पाहिला. तीन महिन्यांनंतर तो नुसत्या ताणण्यापेक्षा सरस ठरला, आणि वर्षभराने मात्र दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे होते. म्हणजे कोणताही एक व्यायाम नेमाने करणारा शेवटी पोचतोच.

त्यानंतर पायताण. घरात चप्पल घालायची नाही हा आपल्याकडचा जुना दंडक, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने तो योग्यच आहे. पण टाच दुखणाऱ्या माणसासाठी एक स्वच्छ, मऊ तळाची जोडी फक्त घरात वापरण्यासाठी ठेवली, तर कोणता दंडक मोडतो? अंथरुणातून उतरताना पाय थेट त्या चपलेतच जावा. बाहेरचे पायताण असे असावे की तळ जाड, टाचेखाली मऊ, टाच चवड्यापेक्षा किंचित उंच आणि मध्ये कमानीला आधार. हातात धरून वाकवले तर ते बोटांपाशी वाकावे, मध्येच दुमडू नये. झिजलेल्या रबरी स्लीपर टाकून द्याव्यात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर आपला बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हा भागही आला, याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु दुखऱ्या टाचेला तो कडक, सपाट तळ मानवत नाही. चप्पल शिवणाऱ्याकडून टाचेखाली मऊ रबराचा तुकडा बसवून घ्यावा किंवा टाच बरी होईपर्यंत ती जोडी खुंटीला ठेवावी. चिखलात पायताण चालत नाही हे आम्हांला कळते, पण बांधापर्यंत आणि बांधावरून घरापर्यंत तरी घालता येईल.

ठणका फार असेल तेव्हा प्लास्टिकच्या बाटलीत पाण्याचा बर्फ करून ती फडक्यात गुंडाळावी आणि बसून तळव्याखाली दहा मिनिटे पुढे-मागे फिरवावी. वजन जास्त असेल तर ते थोडे उतरले तरी प्रत्येक पावलाचा भार उतरतो. काम पूर्ण बंद करू नये, पण उभे राहण्याचे तास तोडावेत, मधून मधून बसावे, आणि एकदम फार चालणे काही काळ टाळावे.

आता सर्वांत अवघड गोष्ट सांगतो, आणि ती म्हणजे वेळ. वर सांगितलेल्या अमेरिकन संस्थेच्याच सांगण्याप्रमाणे, असे साधे उपचार सुरू केल्यापासून १० महिन्यांत शंभरातल्या नव्वदांहून अधिक रोग्यांना आराम पडतो. दहा महिने ऐकून आपला जीव दडपतो. पण शेतकऱ्याला वाट पाहणे का शिकवावे लागते? भाताचे रोप लावून चार दिवसांनी कुणी लोंब्या पाहायला जात नाही. आठ दिवस व्यायाम करून "काही उपयोग नाही" म्हणणारा माणूस मात्र घरोघर भेटतो.

या अधीरपणाचाच फायदा बाकीचे उपाय घेतात. गोळ्यांचे पाहा. डायक्लोफेनॅकसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने चार-आठ दिवस घेणे वेगळे, आणि दुकानातून परस्पर आणून चार महिने खाणे वेगळे. तिने पोटात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांना इजा होते. आपल्या रानातली गिधाडे कुठे गेली ते आठवा. हेच औषध दिलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि ती हजारोंनी मेली, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे मान्य. पण ते औषध शेंगदाण्यासारखे खाण्याचे नव्हे, एवढे ध्यानात यायला हे उदाहरण पुरे. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये.

टाचेतले इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचे असते. जगभरच्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात असे दिसले, की त्याने महिनाभरापर्यंत थोडासा उतार पडत असेल, पुढे तो टिकत नाही. वहिनींचा अनुभव याहून निराळा नव्हता. वारंवार घेतल्यास टाचेखालची चरबीची नैसर्गिक गादी झिजण्याचा आणि क्वचित पट्टीच तुटण्याचा धोका असतो. फारच अडले असता एखादे घेणे समजू शकते. परंतु दर दोन महिन्यांनी घेणे म्हणजे व्याज भरण्यासाठी नवे कर्ज काढण्यासारखे आहे. बिब्बा आणि डाग यांविषयी तर आम्ही हात जोडून विनंती करतो. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते, फोड येतात, जखम चिघळते. टाच दुखायची थांबल्यासारखी वाटते ती नव्या आगीपुढे जुनी कळ कळेनाशी होते म्हणून. मधुमेही माणसाच्या पायाला अशी जखम झाली तर पाय गमावण्याची पाळी येऊ शकते.

शस्त्रक्रिया किंवा यंत्राच्या लहरींचा शेक या गोष्टी सहा महिने ते वर्षभर सर्व नेमाने करूनही ज्यांना उतार पडत नाही, अशा थोड्यांसाठी आहेत. त्यांचा विचार डॉक्टरांशी बोलून शेवटी करावा, सुरुवातीला नव्हे.

मात्र टाचेची प्रत्येक कळ या पट्टीचीच असते असेही कुणी धरून चालू नये. उंचावरून पडल्यावर किंवा उडी मारल्यावर टाच दुखू लागली, रात्री झोपेतही ठणकू लागली, ताप आला, टाच लाल होऊन सुजली, तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. तरुण मुलाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही आखडत असेल, तर तो मणक्याच्या संधिवाताचा प्रकार असू शकतो. आठ ते चौदा वर्षांच्या खेळत्या मुलाची टाच मागच्या बाजूने दुखत असेल, तर वाढत्या हाडावर पडणारा ताण हे कारण बहुधा असते. चिकुनगुनियाच्या तापानंतरही टाचा-घोटे महिनोन् महिने धरतात. मधुमेह असलेल्यांनी शेक, बर्फ, बाटली यांतले काहीही डॉक्टरांना न विचारता करू नये, कारण त्यांच्या पायाला गरम-गार नीट कळतेच असे नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. डॉक्टरांनी वहिनींना सारे समजावल्यावर शेवटी आमच्याकडे वळून विचारले, "यांनी उभे राहण्याचे तास कमी करायचे आहेत. मग राहिलेले काम कोण करणार?" या प्रश्नाला गोळी नाही की इंजेक्शन नाही. "विश्रांती घ्या" असे सांगणे सोपे असते. ज्या घरात पाणी बाईने भरायचे, भाकऱ्या बाईने थापायच्या, गोठा बाईने काढायचा आणि लावणीही बाईनेच करायची, त्या घरात विश्रांती हे औषध कोणत्या दुकानात मिळते? ती दुखऱ्या पायाने सगळे करते, म्हणून आपण समजतो की तिचे फार दुखत नाही. वास्तविक चार पावलांनंतर कळ ओसरते, हाच या दुखण्याचा फसवा स्वभाव आहे. घरचे उठतात तेव्हा ती लंगडत नसते, तिची लंगडणारी वेळ पहाटे साडेचारला होऊन गेलेली असते.

आमच्या घरात त्यानंतर बदल झाले ते मोठे नव्हते. ओट्यापाशी एक उंच स्टूल आले. फरशीवर उभे राहण्याच्या जागी जुन्या गोणपाटाची जाड घडी अंथरली. सकाळचे पाणी थोरला पुतण्या भरू लागला आणि संध्याकाळचा गोठा भाऊंनी घेतला, पहिले काही दिवस कुरकुर करीत. वहिनी अंथरुणात बसून पायाची बोटे ओढतात याचे मुलांना आधी हसू येई, पुढे नातच आकडे मोजू लागली. पाचव्या-सहाव्या महिन्यात पहाटेची कळ निम्म्यावर आली. पुढल्या पावसाळ्यात त्यांनी लावणीला अर्धा दिवस हात लावला. वर्ष भरले तेव्हा त्या दळणाला चालत गेल्या आणि चालत आल्या. काटा अर्थातच दोन्ही टाचांत होता तिथेच आहे. तो काढायला कुणी गेले नाही.

घराबाहेरही हाच विचार हवा. दुकानांत, काजूच्या कारखान्यांत, शिवणाच्या कारखान्यांत दिवसभर उभे राहून राबणाऱ्या मुली-बायका आपल्याच घरांतल्या आहेत. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातील नोकरांना बसावयास जागा दिलीच पाहिजे असा कायदा केला. ज्याच्या हाताखाली चार माणसे आहेत अशा आपल्यातल्या मालकाने एक बाकडे ठेवायला कायद्याचीच वाट का पाहावी? डॉक्टर मंडळींनाही आमची नम्र विनंती आहे. "हाड वाढले आहे" एवढेच बोलून चिठ्ठी लिहू नका. पाच मिनिटे देऊन ती पट्टी, तो व्यायाम आणि लागणारा काळ समजावून सांगा. त्या पाच मिनिटांनी रोग्याचे पाच महिने वाचतील.

उद्या सकाळी आपल्या घरात कोण भिंतीला धरून पहिली पावले टाकते, ते जरा लवकर उठून पाहा. दिसले, तर आधी पाण्याची घागर आपण उचला. टाचेच्या फोटोचे नंतर बघता येईल.